पाँडिचेरीच्या मामींची वही

चेन्नईहून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर गेले की पाँडिचेरी येते. रेल्वेने जावयाचे असेल तर विळुप्पुरमला गाडी बदलावी आणि लहानशा फाट्याने भातशेती नि ताडाची झाडे पाहत जावे; हा मार्ग अधिक संथ, आणि माझ्या मते अधिक चांगला. २००६ सालापासून या गावाचे अधिकृत नाव पुदुच्चेरी, म्हणजे तमिळमध्ये नवी वस्ती, असे झाले आहे. तथापि गावात जुने नावही सर्रास चालते, आणि काही वृद्धांच्या तोंडी तर 'पाँदिशेरी' असे तिसरेच रूप ऐकू येते. वाचकहो, हे तिसरे रूप ज्यांच्या तोंडी अजून शिल्लक आहे अशा एका बाईंची गोष्ट मी आपणांस सांगणार आहे. पण अगोदर गावाची थोडी ओळख करून देते, कारण गावावाचून ती गोष्ट कळावयाची नाही.

गाव जणू पट्टीने आखलेले आहे. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. मधून एक कालवा जातो. त्याच्या पूर्वेस समुद्राकडची फ्रेंच वस्ती आणि पश्चिमेस तमिळ वस्ती. तमिळ वस्तीतील जुन्या घरांपुढे रस्त्यालगत ओटी असते; तिला तिथे तिण्णै म्हणतात, आणि वाटसरूने तिच्यावर बसून घटकाभर विसावा घ्यावा अशी पूर्वापार चाल. फ्रेंच वस्तीत नेमके उलट. रस्त्याला लागून उंच पिवळी भिंत, भिंतीवरून लोंबणारी बोगनवेल आणि बंद दार. अंगण आहे, झाडे आहेत, माणसेही आहेत. पण सारे भिंतीच्या आत. एकाच गावात घराचे तोंड बाहेर असावे की आत, याविषयी दोन मते शेजारी शेजारी उभी असलेली मी अन्यत्र पाहिली नाहीत. नाक्यानाक्यावर निळ्या पाट्या आहेत, आणि त्यांवर फ्रेंच व तमिळ अशा दोन लिप्यांत रस्त्याचे नाव. 'रू' म्हणजे रस्ता, हा पहिला फ्रेंच शब्द तिथे पोचल्यावर पाच मिनिटांत आपण शिकता.

फ्रेंचांचा इथला कारभार १६७४ साली फ्रांस्वा मार्तँ याने मांडला. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर आले आणि त्यांनी जिंजीचा किल्ला घेतला, तेव्हा याच मार्तँने आपला वकील त्यांच्याकडे धाडून वखारीला अभय मिळविले होते. पुढे डचांनी गाव घेतले व परत दिले. १७६१ मध्ये इंग्रजांनी ते जमीनदोस्त केले आणि फ्रेंचांनी पुन्हा उभारले. अशा उलथापालथी होत होत अखेर १९५४ साल उजाडले. १८ ऑक्टोबरला कीळूर या खेड्यात लोकप्रतिनिधींचे मतदान झाले. १७८ पैकी १७० जणांनी भारतात सामील होण्याच्या बाजूने कौल दिला, आणि १ नोव्हेंबरला कारभार आपल्या हाती आला. कायदेशीर हस्तांतर मात्र १६ ऑगस्ट १९६२ रोजी पुरे झाले. कारिकल, माहे आणि यानम या फ्रेंच वस्त्याही त्याचबरोबर आल्या.

युद्धावाचून एवढे मोठे स्थित्यंतर झाले याचा आपल्याला योग्य अभिमान वाटतो. मात्र त्या स्थित्यंतराची एक बाजू इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही. कचेरी बदलली की अर्जाची भाषा बदलते. अर्जाची बदलली की शाळेची बदलते. आणि शाळेची बदलली की एका घरात आजी एका भाषेत विचार करते आणि नातू दुसऱ्या.

मी तिथे गेले ती एक पुडके घेऊन. नागपूरला आमच्या यजमानांचे एक स्नेही आहेत. त्यांची सासुरवाडी पाँडिचेरीची. सासूबाई एकट्याच तिथे राहतात. "दक्षिणेकडे निघालाच आहात तर एवढी संत्र्याची बर्फी तेवढी पोचती करा," असे त्यांनी सांगितले. स्नेह्यांची पत्नी, म्हणजे त्या बाईंची एकुलती एक मुलगी, सहा वर्षांपूर्वी निवर्तली. मुलगा पुण्यास शिकतो. पुडक्यासोबत त्याने आजीला लिहिलेले एक पाकीट होते, आणि स्नेह्यांनी ते माझ्या हाती देताना जरा अधिकच जपून दिले, हे मला त्याच वेळी जाणवले होते.

पाकिटावर त्या मुलाने इंग्रजी लिपीत लिहिले होते, 'मामी'. मला वाटले, मामाच्या घरी कुणी मामी असतील. पण मामा तर नव्हताच! दार उघडणाऱ्या, पांढऱ्या झग्यातील ठेंगण्याशा वृद्धेने पाकीट पाहिले आणि हसून म्हटले, "मामी मीच." फ्रेंच मुले आजीला मामी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. मीही मग त्यांना मामीच म्हणू लागले. त्या मला अखेरपर्यंत 'मादाम' म्हणत राहिल्या.

मामींचे घराणे तिथल्या क्रेओल समाजातले. या समाजात अनेक पिढ्यांपूर्वी युरोपीय आणि भारतीय रक्त एकत्र आले. घरची भाषा फ्रेंच, आणि बाजारहाटापुरती तमिळ. १९५४ साली मामी १३ वर्षांच्या होत्या. शिक्षण सगळे फ्रेंचमध्ये झाले, लग्न तशाच घरात झाले. इंग्रजी त्यांना येत नव्हते असे नाही. बँकेत, दवाखान्यात, विजेचे बिल भरताना लागेल तेवढे त्या कधीच शिकल्या होत्या. मुलीने मराठी मुलाशी लग्न केले तेव्हा जावयाशीही त्या इंग्रजीतच बोलल्या. पण जावयाशी बोलावयाचे ते काय? प्रवास कसा झाला, जेवण आवडले का, रजा किती दिवसांची. नातू नागपूरला वाढला. त्याला मराठी, हिंदी आणि इंग्रजी. आजीचे फ्रेंच त्याच्या कानांना ओळखीचे, पण जिभेवर नाही. मधे आई होती. आजी फ्रेंचमध्ये सांगे, आई मराठीत सांगे, नातू मराठीत उत्तर देई, ते पुन्हा फ्रेंच होऊन आजीकडे जाई. अठराव्या शतकात याच गावात आनंद रंग पिळ्ळै नावाचे दुभाषी होऊन गेले. द्यूप्लेक्ससारख्या गव्हर्नराचा व्यवहार त्यांच्या जिभेवरून चाले, आणि त्यांनी तमिळमध्ये लिहून ठेवलेली रोजनिशी आज इतिहासकार वाचतात. या घरातली दुभाषी ती मुलगी होती. तिची रोजनिशी कुणी ठेवली नाही.

ती गेल्यावर आजी आणि नातू यांच्यामध्ये फक्त विजेच्या बिलाचे इंग्रजी उरले.

"मला कांदा, औषध, तिकीट असले सगळे शब्द येत होते," मामी मला म्हणाल्या, "पण जे आत असते त्यासाठी एकही येत नव्हता." म्हणून वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी एक शाळकरी वही आणली आणि नुसते भावनांचे शब्द लिहिण्यास आरंभ केला. दूरध्वनी होता, नातू मोकळेपणाने बोलेही. पण बोलताना शब्द शोधावयास सवड मिळत नाही. पत्रात मिळते. म्हणून त्या पत्रे लिहीत.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत इंग्रजीचे शब्द पाठ केले असतील आणि ते कठीण वाटले असतील. परंतु आपल्याला एक मोठी सवलत होती, तिची जाणीव मला त्या वहीने करून दिली. आपल्याला इंग्रजी शब्द परका दिसतो. परका दिसतो म्हणून आपण सावध राहतो, कोश उघडतो. फ्रेंच माणसाला मात्र इंग्रजीत पावलोपावली घरचेच चेहरे भेटतात. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक पिढ्या तिथल्या दरबाराची भाषा फ्रेंच राहिली. त्यामुळे हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत उतरले, आणि मग नऊशे वर्षे ते तिथल्या हवापाण्यात राहून बदलले. चेहरा तोच, स्वभाव निराळा. सासरी जाऊन पार पालटलेल्या मुलीसारखे ते शब्द आहेत, असे मामी म्हणाल्या. माहेरच्या माणसाने जुन्या हक्काने हाक मारली की ते ओळखच दाखवीत नाहीत.

अशाच एका शब्दाने घात केला.

नातू एका नाताळाला येतो म्हणाला होता. मामींनी खोली झाडून घेतली, मुलीची जुनी चादर काढली. ऐन वेळी त्याची परीक्षा पुढे ढकलली गेली आणि तो येऊ शकला नाही. अपेक्षाभंग झाला की फ्रेंचमध्ये म्हणतात 'देसेप्सिओं'. मामींनी कोश पाहिला नाही; पाहावयाचे कारणच काय? हुबेहूब तसाच शब्द इंग्रजीत होता. त्यांनी लिहिले की तुझे न येणे हे माझ्यासाठी फार मोठे 'डिसेप्शन' होते. इंग्रजीत डिसेप्शन म्हणजे फसवणूक. नातवाने पत्र वाचले. आपण खोटे बोललो, आजीला फसविले, असा आजीचा आरोप आहे, असे त्याला वाटले. आई गेल्यानंतर आजीने लिहिलेल्या पहिल्या दहा-बारा पत्रांतले हे एक. वयही असे की अशा वेळी माणूस विचारीत नाही, मिटून घेतो. त्याने उत्तर लिहिले नाही. दूरध्वनीवर तो 'हो', 'नाही', 'बरा आहे' एवढेच बोले. पुढे पुढे तेही थांबले. पाच महिने असे गेले. इकडे मामी समजल्या की मुलगी गेली तशी मुलीकडची वाटही बुजली.

उलगडा झाला तो एका ठगामुळे. मामी शब्दांसाठी रोज इंग्रजी वृत्तपत्र वाचीत. एके दिवशी त्यात कुणाला फसवणुकीबद्दल अटक झाल्याची बातमी होती आणि तिच्यात हा शब्द होता. माणसाला अपेक्षाभंगाबद्दल तुरुंगात का टाकले, हे त्यांना कळेना. तेव्हा त्यांनी कोश उघडला. "मादाम, मी त्या खुर्चीवर बसले होते," त्यांनी खिडकीजवळची वेताची खुर्ची दाखविली, "आणि मला उठताच येईना." तार करावी असे त्यांच्या मनात आले, पण आपल्या देशातली तारसेवा २०१३ सालीच बंद झाली. शेजारच्या मुलीकडून त्यांनी दूरध्वनी लावून घेतला आणि नातवाचा आवाज येताच ओरडल्या, "डिसेप्शन नव्हे! डिसअपॉइंटमेंट!" पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "आजी, पत्र माझ्याजवळच आहे." हे वाक्य तो मराठीत बोलला. मामींना शब्द कळले नाहीत. आवाज कळला, असे त्या सांगतात.

गंमत अशी की हा 'डिसअपॉइंटमेंट' शब्दही मुळात फ्रेंचच. कुणाला नेमलेल्या जागेवरून दूर करणे, असा त्याचा जुना अर्थ. म्हणजे शिक्षा झाली तीही माहेरच्या शब्दाने आणि सुटका झाली तीही माहेरच्याच.

त्यानंतर वहीला शिस्त आली. मामींनी ती मला दाखविली. डाव्या बाजूस फ्रेंच शब्द, मध्ये तसाच दिसणारा इंग्रजी शब्द तांबड्या शाईने काट मारलेला, आणि उजवीकडे खरा इंग्रजी शब्द. फ्रेंचमध्ये 'साँसिब्ल' म्हणजे हळव्या मनाचा. इंग्रजीत 'सेन्सिबल' म्हणजे व्यवहारी, शहाणा. आपला नातू फार साँसिब्ल आहे असे मामींनी जावयाला एकदा सांगितले होते आणि जावईबापू खूष झाले होते. त्या मुलाला जपा, असे सांगावयाचे होते ते राहूनच गेले. फ्रेंच 'शाग्रँ' म्हणजे साधे, खोल दुःख. इंग्रजांनी तोच शब्द उचलला आणि त्याला फजितीची, मानभंगाची चव दिली. उलट इंग्रजी 'ग्रीफ' म्हणजे शोक. आणि फ्रेंचमध्ये त्याच अक्षरांचा 'ग्रीएफ' म्हणजे तक्रार, गाऱ्हाणे. मुलीच्या मृत्यूनंतर एका इंग्रजी सांत्वनपत्रात कुणी या शब्दाचा उल्लेख केला होता. आपण कुणाविरुद्ध गाऱ्हाणे केले आहे, असा प्रश्न मामींना तेव्हा पडला होता. फ्रेंचमध्ये एखादा माणूस 'कोंफ्यू' झाला म्हणजे ओशाळला. इंग्रजीत 'कन्फ्यूज्ड' झाला म्हणजे गोंधळला. पाने उलटताना मला हसू येत होते आणि मध्येच येत नव्हते.

एका पानावर फक्त दोन शब्द होते, हंग्री आणि अँग्री. आणि खाली मोठ्या अक्षरांत 'एच'. फ्रेंच भाषेत 'ह' लिहितात, पण उच्चारीत नाहीत. त्यामुळे भूक लागलेला आणि रागावलेला हे दोघे मामींच्या तोंडून एकसारखेच बाहेर पडत. नातू लहान असताना "तू अँग्री आहेस का?" असे त्या दिवसातून चारदा विचारीत आणि तो बिचारा दर वेळी "नाही" म्हणे. 'हॅपी'चे 'अॅपी' होई, 'हार्ट'चे 'आर्ट' होई. मी त्यांना आपले 'ह', 'हा', 'हि', 'ही' म्हणून दाखविले. त्यांनी दिवा विझविल्यासारखी फुंकर मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी 'ह' आला आणि पाठोपाठ खोकला आला.

प्रेमाच्या पानावर मात्र आम्ही फार वेळ थांबलो. इंग्रजीत आवडण्याला एक क्रियापद आणि प्रेम करण्याला दुसरे. फ्रेंचमध्ये दोन्हींना एकच. कॉफीसाठीही 'जेम', नातवासाठीही 'जेम'. मग फरक कसा कळावा? तर तिथे एक विलक्षण रीत आहे. 'ज तेम' म्हणजे माझे तुझ्यावर प्रेम आहे. त्याला 'चांगले' या अर्थाचा शब्द जोडून 'ज तेम बियँ' म्हटले की प्रेम वाढावयाचे सोडून कमी होते. तू मला बरा वाटतोस, इतकाच अर्थ राहतो. मामींना नातवाला सांगावयाचे होते ते मोठे प्रेम, म्हणून पत्रात त्यांनी कोणतेही विशेषण न लावता कोरडे वाक्य लिहिले. नातू वाढला इंग्रजी चित्रपटांच्या जमान्यात. तिथे पत्राच्या शेवटी खंडीभर प्रेम पाठविण्याची पद्धत. त्याला आजीचे वाक्य तोकडे वाटले असेल का, ही शंका मामींना अजून सतावते. मी त्यांना सांगितले की आमच्याकडे आजी नातवाला हे वाक्य कोणत्याच भाषेत म्हणत नाही. ती विचारते, जेवलास का. मामी चमकल्या. म्हणाल्या, "मग तो अँग्रीचा प्रश्न बरोबरच होता."

त्यांची आणखी एक अडचण अशी, की त्यांची पत्रे दरबारी वाटत. फ्रेंच माणसाला इंग्रजीतले लांबलचक शब्द फुकट मिळतात, कारण ते त्याच्याच घरचे. छोटे शब्द मात्र कष्टाने मिळवावे लागतात. 'लव्ह', 'फिअर', 'सॉरो' हे जुन्या इंग्रजीतले. 'अँगर' आणि 'हॅपी'चे मूळ उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेत. आणि इंग्रज माणूस, मनातले बोलताना, हेच छोटे शब्द वापरतो. मामी 'मेलँकली' लिहून जात, 'सॅड' त्यांना सुचत नसे. आपण कल्पना करा, आपल्या आजीचे पत्र आले आणि त्यात 'वाईट वाटले' याऐवजी 'मजप्रत विषाद प्राप्त झाला' असे असले तर! आपण आजीला हसू. पण आजीला विषाद झाला आहे हे खरेच असेल.

'सॉरी' या शब्दाविषयी मामींचे मत अद्याप झालेले नाही. वाटेत धक्का लागला तरी सॉरी आणि मुलगी मेली तरी सॉरी. एवढ्याशा शब्दाने इतके ओझे कसे वाहावे? फ्रेंचमध्ये त्या जागी 'देझोले' म्हणतात. मामींनी एकदा त्याचे इंग्रजी 'डेसोलेट' करून एका शेजारणीला लिहिले. तिची चहाची कपबशी फुटली होती. इंग्रजीत डेसोलेट म्हणजे उजाड, उद्ध्वस्त. ती शेजारीण धावत आली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही समुद्रावर गेलो. त्या वेळी किनाऱ्याच्या रस्त्यावर वाहनांना बंदी असते आणि सारे गाव तिथे पायी फिरावयास येते. एका बाजूस गांधीजींचा उंच पुतळा. त्याच्या समोरच्या अंगाला पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढून मेलेल्यांचे स्मारक. १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, तिथे अजूनही दिवे लावतात. तांबड्या टोप्या घातलेले पोलीस उभे होते. ही टोपी तेवढी फ्रेंच अमदानीतून राहिली आहे. मामींना ओळखणारी चार-दोन माणसे भेटली. त्यांच्याशी त्या फ्रेंच बोलल्या तेव्हा मी प्रथमच त्यांना भरभर बोलताना ऐकले. त्यांचा आवाज, त्यांचे हात, सारेच निराळे होते. इतके दिवस आपण ज्यांना मितभाषी, किंचित करड्या समजत होतो त्या मामी मुळात तशा नव्हत्याच. नातवाने ही आजी कधी पाहिली असेल का, असे माझ्या मनात आले. आई असताना पाहिली असेल, लहानपणी.

दगडी बांधावर बसून त्या म्हणाल्या, "एक वाक्य मला इंग्रजीत अजून जमत नाही." आठवण येणे. फ्रेंचमध्ये म्हणतात 'त्यू म माँक'. शब्दशः पाहिले तर 'तू मला उणा पडतोस'. वाक्याचा कर्ता तो, दूर असलेला. इंग्रजीत कर्ता मी. मी तुला 'मिस' करतो. जणू काही ते काम आहे आणि मी ते करीत आहे! मामींनी पहिल्या पत्रात फ्रेंच क्रमानेच लिहिले, 'यू मिस मी'. नातवाला अर्थ लागला, 'तुला माझी आठवण येते'. आजीला आपल्याविषयी एवढी खात्री कशी, असे त्याला वाटले असावे. आता त्या बरोबर लिहितात, पण लिहिताना प्रत्येक वेळी आपण उलट्या पायांनी चालत आहोत असे त्यांना वाटते.

मी त्यांना आपल्या मराठीचे सांगितले. आपणही 'मी आठवण करतो' असे सहसा म्हणत नाही, आठवण येते. राग येतो, कीव येते, भीती वाटते, आनंद होतो. माणूस 'मला' म्हणून एका बाजूस बसलेला असतो आणि भावना बाहेरून आल्यासारखी येते. इंग्रज म्हणतो, मी भयभीत आहे. फ्रेंच म्हणतो, माझ्याजवळ भीती आहे, लाज आहे. आपण म्हणतो, मला भीती वाटते. मामींनी तमिळ आठवून पाहिली आणि सांगितले की तमिळमध्येही 'मला'च म्हणतात. आयुष्यभर बाजारात वापरलेल्या भाषेत हे वाक्य आहे याकडे त्यांचे कधी लक्षच गेले नव्हते. त्या बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिल्या. मग विचारले, "म्हणजे माझ्या नातवाच्या भाषेत हे सरळ म्हणता येते?"

"येते," मी म्हटले.

नातवाचे पत्र काय होते ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. पुण्यास फ्रेंचच्या वर्गाला नाव घातले आहे आणि दोन तासांना जाऊनही आलो आहे, एवढे त्यात होते असे त्या जाता जाता म्हणाल्या. दोन तास किती आठवड्यांत झाले, हे त्याने लिहिले नव्हते.

निघण्याच्या सकाळी त्यांचे उत्तर तयार होते. निळ्या शाईत, तिरक्या फ्रेंच वळणाचे अक्षर, भाषा इंग्रजी. शेवटून दुसऱ्या ओळीत त्यांनी जागा कोरी सोडली होती. लेखणी माझ्या हाती न देता त्यांनी स्वतःच धरली आणि म्हणाल्या, "सांगा, मादाम. सावकाश." मी सांगू लागले: मला... तुझी... त्या एकेक शब्द इंग्रजी लिपीत लिहू लागल्या. 'आठवण'पाशी त्या थांबल्या.

"यात 'एच' आहे?"

"आहे," मी म्हटले, "आणि तो म्हणावाही लागतो."

मामींनी कपाळाला आठ्या घातल्या, ओठांचा चंबू करून एकदा फुंकर मारून पाहिली, आणि मग तो 'एच' बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा मोठाच काढला.